रोजकीर्दीवरून खतावणी

एकोणिसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यातील ज्या हिंगणघाटच्या कापसाची ख्याती विलायतेच्या बाजारापर्यंत पोचली होती, त्या पेठेतील अडत्याच्या पेढीवर दोन वह्या शेजारी शेजारी नांदत असत : एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. रोजकीर्दीत व्यवहार जसा घडेल तसा, घटकेच्या क्रमाने, कोणाचाही मुलाहिजा न राखता उतरवला जाई. सकाळी एखाद्या कास्तकाराने घेतलेली उचल, तिच्या खाली हमालांची मजुरी, तिच्या खाली दुसऱ्याच कोणा इसमाचे व्याज, आणि पुन्हा दुपारी त्या पहिल्याच कास्तकाराच्या दोन गाड्यांचे वजन. दिवे लागल्यावर मुनीम ही कीर्द पुढ्यात घेऊन तिच्यातील एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवी. आणि सबंध दिवसाच्या गर्दीत विखुरलेला एका माणसाचा व्यवहार खतावणीच्या एका पानावर एकत्र येई. ज्याला आज संगणकाच्या व्यवसायात लॉगमधून सत्रे वेगळी करणे म्हणतात, ते काम स्वरूपतः याच जातीचे आहे. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की मुनिमाला रोजकीर्दीतील प्रत्येक नाव ठाऊक असे, आणि सर्व्हरच्या कीर्दीत नाव असे नसतेच.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान काढून देणारे यंत्र. त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये शेवटी जोडली जाते, आणि या फाइलीलाच लॉग म्हणतात. ओळीची घडण १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एन.सी.एस.ए. या केंद्रात तयार झालेल्या सर्व्हर-प्रणालीबरोबर रूढ झाली. १९९५ साली तिच्याच पायावर उभ्या राहिलेल्या अपाचे या प्रणालीने ती पुढे चालवली. आणि आज जगातील बहुसंख्य सर्व्हर थोड्याफार फरकाने त्याच जाबत्याप्रमाणे नोंद करतात. प्रथम मागणी करणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरील त्याच्या जोडणीचा क्रमांक, मग बहुधा रिकामीच राहणारी दोन घरे, ज्यांत आडव्या रेघेपलीकडे काही आढळत नाही. त्यानंतर चौकटी कंसात तारीख, वेळ आणि प्रमाणवेळेतील अंतर, जे आपल्याकडे अधिक पाच तास तीस मिनिटे असे असते. पुढे अवतरणचिन्हांत कोणते पान मागितले ते. मग उत्तराचा क्रमांक, म्हणजे पान मिळाले तर २०० आणि न सापडले तर ४०४. मग पाठवलेल्या मजकुराचे वजन बाइटमध्ये. विस्तृत नमुन्यात आणखी दोन घरे असतात : वाचक कोणत्या पानावरून इकडे वळला, आणि त्याच्या हातातील ब्राउझरने स्वतःची ओळख काय सांगितली.

या सबंध तपशिलात ‘हा तोच माणूस, जो मघाशी आला होता’ असे सांगणारे घर कोठेही नाही. ज्या नियमावलीने ब्राउझर आणि सर्व्हर यांचे संभाषण चालते, ती मुळातच विस्मरणशील आहे. प्रत्येक मागणी तिच्या दृष्टीने पहिली आणि शेवटची असते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंतुली याने कुकी नावाची युक्ती योजली, जिच्यामुळे सर्व्हरने दिलेली एक खूणचिठ्ठी ब्राउझर जपून ठेवतो आणि दर खेपेस परत दाखवतो. परंतु ही चिठ्ठी सामान्य लॉगमध्ये आपोआप उतरत नाही, अनेक जुन्या संकेतस्थळांवर ती दिलीच जात नाही, आणि बरेच वाचक ती पुसून टाकतात. तेव्हा वर्षानुवर्षांचा जो लॉग हाती असतो, तो बहुतेक वेळा चिठ्ठीवाचूनचाच असतो, आणि त्याच्यातून सत्र, म्हणजे एका माणसाने एका बैठकीत केलेला वावर, शोधून काढावा लागतो. शोधून काढावा लागतो असे म्हणणेही पुरते खरे नाही. सत्र ही वस्तू लॉगमध्ये दडलेली नसून आपण काही नियम ठरवून ती तेथे उभी करतो, आणि नियम बदलले की सत्रांची संख्याही बदलते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील सर्व खटाटोपाकडे पाहण्याची दृष्टी निवळते.

वर्ध्यात उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय ‘हिंदी समय’ या नावाचे एक संकेतस्थळ चालवते, ज्यावर हिंदीतील कथा, कविता, कादंबऱ्या आणि निबंध वाचकाला विनामूल्य उघडून वाचता येतात. अशा वाङ्मयीन स्थळाचा एक वाचक डोळ्यांपुढे आणू, आणि त्याला काल्पनिक पत्ताही देऊ : २०३.०.११३.२५. (हा पत्ता मी मुद्दामच निवडला आहे, पुस्तकांतील दाखल्यांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला तो असल्यामुळे जगातील कोणाचाही नव्हे.) या पत्त्यावरून, एकाच जातीच्या ब्राउझरने, सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी मुखपृष्ठ, १०.०९ला लेखकांची यादी, १०.२१ला एका कादंबरीचा पहिला भाग, १०.५८ला दुसरा भाग आणि ११.०३ला त्याच लेखकाचा परिचय मागितला गेला. या पाच ओळींच्या अधेमधे इतर वाचकांच्या शेकडो ओळी पसरलेल्या आहेत. प्रश्न असा की ही एक बैठक, की दोन, की तीन?

दोन नोंदींमधील अंतर दहा मिनिटांहून अधिक झाले की नवे सत्र धरावे असा नियम केला तर येथे तीन सत्रे होतात. तीस मिनिटांची मुदत घातली तर दोन. आणि पंचेचाळीस मिनिटांची घातली तर एकच. व्यवहारात तीस मिनिटांचाच दंडक सर्वत्र चालतो, आणि गूगलच्या मोजणी-प्रणालीनेही तोच आपला मूळ नियम म्हणून स्वीकारल्यामुळे त्याला जवळजवळ कायद्याची प्रतिष्ठा लाभली आहे. त्याचा उगम मात्र पाहण्यासारखा आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेतील लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी आपल्याच विभागातील संगणकांवरील वाचकांचा वावर तपासून १९९५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दोन क्रियांमधील सरासरी अंतर ९.३ मिनिटे आढळले, त्यात दीड प्रमाण-विचलन मिळवून त्यांनी २५.५ मिनिटांची मर्यादा काढली, आणि पुढील लोकांनी सोयीसाठी ती तीसपर्यंत नेऊन पक्की केली. एका महाविद्यालयातील, वेबच्या अगदी बाल्यावस्थेतील, मूठभर वाचकांच्या सवयींवरून निघालेला हा आकडा आज विदर्भातील कादंबरीवाचकालाही लागू केला जातो, आणि कोणी त्याबद्दल हरकत घेत नाही.

ही हरकत घेणे मला अगत्याचे वाटते. दरपत्रक पाहणाऱ्या ग्राहकाचे पान मिनिटात उलटते; परंतु ज्याने कादंबरीचा एक दीर्घ भाग उघडला आहे तो सदतीस मिनिटे काहीही मागत नाही याचा अर्थ तो उठून गेला असा नव्हे; उलट, सबंध सकाळीत जर तो कोठे खरोखर वाचत बसला असेल, तर याच सदतीस मिनिटांत. तीस मिनिटांच्या नियमाने अशा वाचकाचे दोन तुकडे होतात, आणि अहवालात तो दोनदा आलेला, दोन्ही वेळा घाईने निघून गेलेला पाहुणा ठरतो. म्हणून वाङ्मयीन स्थळाच्या व्यवस्थापकाने बाहेरचा आकडा उसना घेण्यापूर्वी स्वतःच्याच लॉगमधील अंतरांची मोजदाद करावी. लहान अंतरांची एक दाट गर्दी आणि तासांच्या वा दिवसांच्या अंतरांची दुसरी, अशा दोन राशी बहुधा दिसतात; त्यांच्या दरम्यान जेथे नोंदी विरळ होतात, तेथे आपली मुदत बसवावी. राशी स्पष्ट न दिसल्या तर दोन-तीन मुदती लावून सत्रांची संख्या किती हलते ते पाहावे, आणि अहवालात मुदतीचा आकडा संख्येच्या शेजारीच लिहावा.

काळाचा प्रश्न असा मोजून तरी सोडवता येतो. ओळखीचा प्रश्न अधिक चिवट आहे. पत्ता आणि माणूस यांच्यातील नाते किती सैल असू शकते याचा एक दाखला वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास गेले त्याचे नाव सेगाव होते, आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी त्याचे साम्य इतके होते की जगभरातून येणारी डाक वारंवार तिकडे चुकून जाई. अखेरीस १९४० साली गावाचे नाव पालटून सेवाग्राम करण्यात आले. तेथे दोन ठिकाणांना जवळजवळ एकच नाव होते म्हणून घोटाळा झाला. आयपी पत्त्यांच्या बाबतीत तर अनेक माणसांना अक्षरशः एकच पत्ता असतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते सुमारे ४२९ कोटींहून अधिक असूच शकत नाहीत, आणि माणसांच्या हातातील यंत्रे त्याहून कितीतरी अधिक झाल्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याच्या आड उभे करतात. आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या एखाद्या सेवा केंद्रात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा अशा कामांसाठी रांगेत उभे असलेले शेतकरी एकामागून एक एकाच संगणकापुढे बसलेल्या चालकाला आपली कागदपत्रे देतात. तेथे पत्ता एक, ब्राउझरही एक, आणि माणसे वीस. लॉगच्या लेखी मात्र तो सकाळपासून सायंकाळपर्यंत अथक वावरणारा एकच उद्योगी गृहस्थ.

उलट बाजूचा घोटाळाही तितकाच नित्याचा आहे. बसमधून प्रवास करीत मोबाइलवर वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा फोन घरच्या वायफायवरून कंपनीच्या जाळ्यावर गेला की त्याचा पत्ता बदलतो, आणि एक वाचक लॉगमध्ये दोन होऊन अवतरतो. या दोन्ही दोषांवर अर्धामुर्धा उपाय असा की केवळ पत्त्यावर न विसंबता पत्ता आणि ब्राउझरने सांगितलेली ओळख यांची जोडी हीच खातेदाराची खूण मानावी, आणि जेथे मागील पानाचा उल्लेख उपलब्ध असेल तेथे त्याची साक्ष काढावी : जे पान या खुणेने कधी मागितलेच नाही त्या आतल्या पानावरून ती एकाएकी पुढे आली, तर ओळींच्या मागे दुसरा कोणी असण्याचा संभव धरावा. सेवा केंद्रातील वीस शेतकरी मात्र याही उपायाने वेगळे होत नाहीत, आणि तेथे अर्जाचा क्रमांक नोंदीत उतरवण्याची तजवीज सर्व्हरवरच करावी लागते.

आता स्क्रिप्टकडे वळू. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमाने करावयाच्या कामांचा लेखी हुकूम. आणि ती लिहिण्यासाठी फार मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार केलेली ऑक ही लहानशी भाषा ओळीचे तुकडे पाडून त्यांवर हिशेब करण्यासाठीच जन्मली आहे, आणि आजही हे काम तीत पंधरा-वीस ओळींत उरकते. ज्याला पायथन ही भाषा परिचित असेल त्याने ती वापरावी. गाभा असा : प्रत्येक ओळ वाचावी, तिच्यातून खूण आणि वेळ काढावी, एका कोष्टकात त्या खुणेची शेवटची वेळ आणि चालू सत्राचा क्रमांक पाहावा, खूण नवी असेल किंवा दोन वेळांमधील फरक मुदतीहून मोठा असेल तर नवा क्रमांक द्यावा, ओळ त्या क्रमांकाच्या फाइलीत लिहावी, आणि कोष्टकातील शेवटची वेळ बदलावी. एवढेच. पण या ‘एवढेच’च्या आत चार-दोन खड्डे असे आहेत की ज्यांत नवशिका हमखास उतरतो.

पहिला खड्डा तारखेचा. लॉगमध्ये महिना इंग्रजी नावाच्या तीन अक्षरांनी लिहिलेला असतो, आणि महिने मजकूर समजून अकारविल्हे लावले तर एप्रिलनंतर ऑगस्ट, त्यानंतर डिसेंबर आणि मग फेब्रुवारी येतो. म्हणून प्रत्येक वेळेचे प्रथम एका सरळ संख्येत, म्हणजे १ जानेवारी १९७०च्या आरंभापासून लोटलेल्या सेकंदांत, रूपांतर करावे, आणि तसे करताना प्रमाणवेळेतील अंतराचे घर विसरू नये. नाही तर एक सर्व्हर भारतीय वेळेवर आणि दुसरा ग्रिनिचच्या वेळेवर चालत असेल तर एकाच वाचकाच्या दोन पावलांमध्ये साडेपाच तासांची फूट पडते.

दुसरा खड्डा क्रमाचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. लॉग वेळेच्या क्रमानेच लिहिलेला असतो अशी सर्वांची समजूत असते. परंतु अपाचे ओळीत वेळ लिहितो ती मागणी आल्याची, आणि ओळ फाइलीत टाकतो ती उत्तर पुरे पाठवून झाल्यावर. मोठे ध्वनिमुद्रण किंवा जाडजूड ग्रंथाची प्रत मागितली गेली असेल तर तिची ओळ नंतर आलेल्या हलक्या मागण्यांच्या मागून उतरते. म्हणून वाटणीपूर्वी ओळी सेकंदांच्या संख्येप्रमाणे पुन्हा लावून घेणे श्रेयस्कर. नाही तर अंतर ऋण निघते आणि स्क्रिप्ट गोंधळते.

तिसरा खड्डा यंत्राच्या दप्तराचा आहे. प्रत्येक सत्राची फाइल उघडून ती उघडीच ठेवणारी स्क्रिप्ट लहान नमुन्यावर झकास चालते आणि खऱ्या लॉगवर अर्ध्या वाटेत कोलमडते, कारण लिनक्समध्ये एका कार्याला एकाच वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइलींची सामान्य मर्यादा १०२४ असते. ज्याची मुदत टळली ते सत्र पुरे झाले असे समजून त्याची फाइल बंद करावी आणि कोष्टकातील त्याची नोंदही काढून टाकावी. यामुळे स्मरणशक्तीवरील भारही हलका होतो. खरे पाहता हजारो बारक्या फाइली करण्यापेक्षा प्रत्येक ओळीच्या आरंभी सत्राचा क्रमांक लिहून एकच फाइल ठेवणे शंभरपैकी नव्वद प्रसंगी अधिक शहाणपणाचे असते; परंतु वेगळ्या फाइली डोळ्यांनी उघडून पाहण्यात जो बोध होतो, तो कोष्टकात होत नाही, म्हणून शिकणाऱ्याने एकदा तरी त्या कराव्यात.

वाटणीपूर्वी लॉग चाळूनही घ्यावा लागतो. एक पान उघडले की त्यातील चित्रे, अक्षरवळणे, सजावटीच्या फाइली यांच्या स्वतंत्र मागण्या जातात, आणि एका वाचनाच्या वीस-तीस ओळी होतात, त्या वगळाव्यात. त्याहून मोठा हिस्सा माणसांचा नसतोच. शोधयंत्रांचे दूत रात्रंदिवस पाने गोळा करीत फिरतात. त्यांना कोठे यावे आणि कोठे येऊ नये हे सांगणारी फाइल ठेवण्याची प्रथा १९९४ साली मार्टाइन कोस्टर याने सुचवली, आणि प्रतिष्ठित दूत ती फाइल प्रथम मागतात, त्यामुळे तेवढ्यावरूनही ते ओळखू येतात. जे नाव लपवून येतात त्यांची चाल त्यांना उघडे पाडते : कोणताही मनुष्य दर दोन सेकंदांनी एक कादंबरी वाचून संपवीत नाही.

इतके सोपस्कार करून हाती आलेल्या सत्रांवरून लोक जेव्हा ‘वाचक सरासरी किती वेळ थांबला’ असा आकडा काढतात, तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. सत्राचा काल म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या नोंदीतील अंतर. शेवटचे पान उघडल्यानंतर वाचकाने ते किती वेळ वाचले याची नोंद कोठेच होत नाही, कारण पान मिटताना सर्व्हरला कळवण्याचा रिवाज या नियमावलीत नाही. शोधयंत्रावरून थेट एका कवितेवर आलेला, ती चार वेळा वाचून तृप्त होऊन गेलेला रसिक लॉगच्या हिशेबात शून्य सेकंद थांबलेला असतो. अशा शून्यांची सरासरी काढून तिच्यावर वाङ्मयाभिरुचीचे निष्कर्ष उभारणाऱ्यांची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

सत्रे मग कशासाठी काढावीत? वाटा पाहण्यासाठी. कोणत्या पानावरून वाचक कोणत्या पानाकडे वळतो, अर्जाच्या कोणत्या पायरीवर अर्जदार माघारी फिरतो, रात्री अडीच वाजता कोणती खूण चुकीचे परवलीचे शब्द एकामागून एक टाकून पाहते आहे, हे विखुरलेल्या ओळींत दिसत नाही आणि सत्रांत तत्काळ दिसते. पण ज्या कारणाने ते दिसते त्याच कारणाने ते धोक्याचेही आहे. ऑगस्ट २००६मध्ये ए.ओ.एल. या अमेरिकन कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील शोध संशोधकांसाठी खुले केले. नावे काढून प्रत्येकाला केवळ एक क्रमांक दिला होता, तरी एका क्रमांकाखाली एकत्र आलेल्या शोधांवरून वार्ताहरांनी अल्पावधीत एका वृद्धेचे घर गाठले. सुट्या ओळींनी जे कधी उघड केले नसते, ते एका माणसाच्या सर्व ओळी एका जागी आणण्याने उघड झाले. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक-व्यवस्थांचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे संस्थांवर बंधनकारक आहे. तो मूळ लॉग कुलपात राहू द्यावा, आणि अभ्यासासाठी काढलेल्या सत्रांत पत्ता जसाच्या तसा ठेवू नये.

पत्त्याऐवजी गणिती सूत्राने काढलेली सांकेतिक संख्या घालण्याची पद्धत आहे. परंतु निव्वळ सूत्र पुरत नाही, कारण चौथ्या आवृत्तीचे ४२९ कोटी पत्ते एकेक करून त्याच सूत्रातून काढून पाहणे आजच्या साध्या संगणकालाही जड नाही. म्हणून सूत्रात एक गुप्त किल्ली मिसळावी, ती रोज बदलावी, आणि जुनी नष्ट करावी. त्यायोगे आजचा वाचक आणि कालचा वाचक जोडता येत नाही. यात अडचण एकच, मध्यरात्रीची : पावणेबाराला कादंबरी उघडून सव्वाबाराला पुढचा भाग मागणाऱ्याची खूण बारा वाजता बदलते आणि त्याचे सत्र मधोमध तुटते. तेवढ्यासाठी सत्राची जी मुदत ठरवली असेल तितका वेळ कालची किल्ली राखून ठेवावी, बारानंतरची प्रत्येक ओळ प्रथम कालच्या किल्लीने आणि मग आजच्या किल्लीने तपासावी, जुने सत्र सापडल्यास त्याला नवी खूण जोडून द्यावी, आणि मुदत संपताच कालची किल्ली पुसून टाकण्याचा हुकूम स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावा.